ऑइलच्या दिव्याची वायर

माझ्या पोटात काही राहत नाही, असं बायको सगळ्यांना सांगते. खोटं नाही ते. कुणी कुणाच्या ट्रकचा क्लच जाळला, कुणाच्या पोरानं बापाला न विचारता जीप पुसदपर्यंत पळवली — दिग्रसमधल्या माझ्या गॅरेजात सकाळी आलेली गोष्ट संध्याकाळी बसस्टँडवर पोचलेली असते. मेकॅनिक माणूस मी, हात काळे आणि जीभ सैल. पण एक गोष्ट वीस वर्षं पोटात राहिली. बायकोला ठाऊक नाही, मुलींना नाही, रोज ज्यांच्यासोबत चहा पितो त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच बहुधा जमतंय.

सुरुवात गाडीपासून करतो. गाडीबद्दल बोलायला मला त्रास होत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कापसाच्या जिनिंगवाल्या शेठचा मुलगा पुण्याहून आला आणि म्हणाला, बाबांची कॉन्टेसा चालू करून द्या. थोरले शेठ वारले, जिनिंग दुसऱ्यांनी चालवायला घेतलं, पण मागच्या टिनाच्या शेडमध्ये ती गाडी वीस वर्षं तशीच उभी होती. मोबाइलवर काहीतरी दाखवत तो म्हणाला की पुण्या-मुंबईकडे लोक अशा गाड्या शोधत फिरतात, तिला भारतातली मसल कार, म्हणजे दांडगी गाडी, म्हणतात. मला हसू आलं. चारही टायर बसलेले, डिकीत सरकीची पोती, सीटच्या कापसात उंदरांचा संसार, आणि म्हणे मसल! पण ताडपत्री ओढली आणि ते लांबलचक बॉनेट समोर आलं तेव्हा हसू थांबलं. एके काळी दिग्रसात अशी ही एकच गाडी होती. नवरदेव घोड्याऐवजी हिच्यात बसायला शेठकडे महिनाभर आधी नंबर लावायचे.

आणि ती चालवायचे देवरावभाऊ.

देवरावभाऊ शेठकडचे ड्रायव्हर. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, बारीक अंगाचे, गाडीत बसण्याआधी चप्पल काढणारे. खरंच काढायचे. पेडलवर अनवाणी पाय ठेवला की इंजिन काय म्हणतं ते कळतं, असं त्यांचं मत. मी त्यांची थट्टा करायचो — भाऊ, इंजिन बोलते तर मंग मले कायले आणता? तेही हसायचे. आमचं जमायचं, हे सांगायला हवं. आमच्यात वैर नव्हतं. वैर असतं तर हे सांगणं सोपं गेलं असतं.

गाडी का उभी राहिली, हे अख्ख्या दिग्रसला माहीत आहे. तुम्ही कुणालाही विचारा. ते सांगतील की देवराव ड्रायव्हरनं शेठच्या पाहुण्यांना यवतमाळला सोडलं, परत येताना ऑइलचा लाल दिवा लागला, यानं पाहिलंच नाही, गाडी तशीच दामटली आणि इंजिन जाम करून टाकलं. शेठ रागानं असे पेटले की त्यांनी गाडी दुरुस्तही केली नाही. ओढून आणली, शेडमध्ये ढकलली, वर ताडपत्री टाकली. देवरावभाऊंसमोर हात पुढे केला आणि चावी मागून घेतली.

दिग्रससारख्या गावात ड्रायव्हरचं नाव एकदा गेलं की गेलं. त्यानंतर कुणी त्यांच्या हातात गाडी दिली नाही. पुढे ते दारव्हा रोडवरच्या दुसऱ्या एका जिनिंगच्या गेटवर शिट्टी घेऊन बसू लागले. आत जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांना हात दाखवायचा, बाहेर येणाऱ्यांना हात दाखवायचा. त्यांच्या जावयानं कार घेतली तेव्हा घरच्यांनी आग्रह केला, बाबा, तुम्हीच घरी आणा. त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही.

हे सगळं गावाला माहीत आहे. गावाला जे माहीत नाही, ते आता.

आमच्या भागातल्या मेकॅनिकची एक खोड आहे. बाहेर लोक हात आणि सुटे भाग पुसायला चिंध्या वापरतात. आमच्याकडे जिनिंग ढीगभर, खाली पडलेली, धूळ लागलेली रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, कुणीही पोतंभर देतो. मऊ असते, तेल चटकन ओढते. सगळे तिनंच पुसतात. पण माझ्या उस्तादानं पहिल्याच आठवड्यात एक नियम घालून दिला होता — रुई बाहेरून, कापड आतून. इंजिनाच्या आत रुई न्यायची नाही. का, ते सांगायला नको. कापडाची चिंधी बाहेर काढली की निघते. रुई निघाल्यासारखी वाटते, पण तिचा धागा मागे राहतो.

त्या वर्षी कापसाचा हंगाम जोरात होता. जिनिंगसमोर ट्रकांची रांग, अर्ध्या ट्रकांचं काही ना काही मोडलेलं, आणि मी एकटा. त्यात शेठची कॉन्टेसा आली. इंजिनाच्या खालच्या चेंबरमधून — ज्यात ऑइल साठतं त्यातून — थेंब थेंब गळत होतं. पॅकिंग बदलायचं साधं काम. दुसऱ्या दिवशी गाडी लग्नाला जायची होती. मी चेंबर खोललं, पॅकिंग खरवडलं, आतून पुसायला कापड शोधलं. कापड नव्हतं. बाजूला रुईचं पोतं होतं.

तुम्हाला कळलंच असेल.

मी रुईनं पुसलं. एक बोळा कोपऱ्यात दाबून ठेवला, गळणारं तेल टिपायला. तो काढला का? तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की काढला. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी चेंबर बसवलं, बोल्ट कसले, नवीन ऑइल भरलं, गाडी दिली.

इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाकडूनही होते. माझ्याकडून झाली हे मी शेठला सांगितलं असतं तर त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या आणि फार तर जिनिंगच्या गाड्या दुसऱ्या मिस्त्रीकडे नेल्या असत्या. मग मी हे वीस वर्षं का वागवलं? कारण गोष्ट चुकीपाशी थांबली नाही.

चार-पाच दिवसांनी देवरावभाऊ गाडी घेऊन आले. म्हणाले, "मिस्त्री, तो लाल दिवा मधातच मिचकून राह्यला. आवाज बी बदलला वाटते. पाह्य बरं."

अनवाणी पायाला कळलं होतं त्यांच्या. मला ते खरं वाटलं का? वाटलं. तो बोळा डोळ्यांसमोर आला. पण चेंबर पुन्हा खोलायचं म्हणजे अर्धा दिवस, आणि बाहेर रांग. मी डिपस्टिक काढून पाहिली. ऑइल भरलेलं. स्वतःला सांगितलं, दिव्याचा स्विच खराब असेल. असतात खराब. मग मी बॉनेटखाली वाकलो आणि त्या स्विचवरची वायर उपटून बाजूला खोचून दिली.

वायर काढली की दिवा लागत नाही. इंजिनात ऑइल फिरो की न फिरो.

खरं तर चावी फिरवल्याबरोबर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, तो दिवा लागलाच पाहिजे. पण त्या काळी हे बऱ्याच ड्रायव्हरांना ठाऊक नसे. देवरावभाऊंनाही नव्हतं. मला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक नाही. मी हात पुसत म्हणालो, झालं भाऊ, ठीक केलं. ते म्हणाले, बरं झालं बाप्पा, जिवाले घोर लागला होता. आणि गेले.

तिसऱ्या दिवशी जिनिंगमधून जीप आली, शेठ स्वतः पुढे बसलेले. कॉन्टेसा यवतमाळच्या वाटेवर बोरी अरबच्या अलीकडे उभी आहे, चला म्हणाले. सबंध वाटेवर ते बोलत होते आणि मी हं, हं करत होतो. मला काय झालंय ते कळलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं.

देवरावभाऊ गाडीच्या बाजूला उभे होते. पायांत चप्पल नव्हती, ती गाडीतच राहिली होती. सारखे एकच सांगत होते, "दिवा नाई लागला शेठ. देवाशप्पथ नाई लागला. एकदम खडखड झाली अन् बंद पडली."

मी बॉनेट उघडलं. त्या गाडीचं बॉनेट म्हणजे घराचं दार, एकदा उघडलं की पलीकडचा माणूस दिसत नाही. मी वाकलो. बाजूला खोचलेली वायर हातात घेतली — आणि परत स्विचवर लावली.

एवढंच. दोन बोटांचं काम. मग मी आतूनच आवाज दिला, शेठ, चावी फिरवा बरं जराशी.

शेठनी फिरवली. लाल दिवा लागला. सगळ्यांना दिसला.

मी म्हणालो, दिवा तर लागून राह्यला शेठ.

शेठनी देवरावभाऊंकडे पाहिलं. देवरावभाऊ त्या दिव्याकडे पाहत होते. मला वाटलं, आता हा माणूस माझ्यावर उलटेल. म्हणेल, यानंच काहीतरी केलं. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण ते काय म्हणाले? "आधी मिचकत होता शेठ, पण मिस्त्रीनं ठीक करून देल्लता." माझी साक्ष काढली त्यांनी. त्यांना वाटलं, मी त्यांच्या बाजूनं बोलेन. आणि मी म्हणालो, हो, मी ठीक केला होता. म्हणून तर लागून राह्यला. भाऊच्या ध्यानात आला नसन.

शेठनी हात पुढे केला तो त्यानंतर. इंजिन खोलू का, असं मी एकदा विचारलं. भीतभीतच. ते म्हणाले, नको, तोंड पाह्याचं नाही मले या गाडीचं. मला किती बरं वाटलं, ते सांगायची लाज वाटते. पण वाटलं.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट पुरी करतो.

गाडी माझ्या गॅरेजात ओढून आणली आणि दुसऱ्या दिवशी देवरावभाऊ आले. आता पासष्टी ओलांडलेले, कमरेत वाकलेले. दिवसपाळी संपवून आले होते, शिट्टी गळ्यात तशीच. ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसले आणि मग रोजच येऊ लागले. मी काम करत होतो. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं, आठ दिवस मुरू दिलं. कार्बोरेटर खोलून धुतला. पेट्रोलची टाकी उतरवली, आत गंजाचा चिखल. उंदरांनी खाल्लेली वायरिंग नवी टाकली. ब्रेक बांधले. सगळं केलं, फक्त खालचं चेंबर ठेवलं शेवटी.

एके दिवशी ते म्हणाले, "मिस्त्री, इंजन उघडशीन तवा मले बलावजो. मले पाह्याचं हाय."

मी म्हणालो, बलावतो ना भाऊ.

ते मोतीबिंदू दाखवायला यवतमाळला गेले, त्या दिवशी मी चेंबर खोललं. मुद्दाम. ऑइल डांबरासारखं झालं होतं. पंपाच्या तोंडाशी जाळी असते, तिच्यातून ऑइल वर ओढलं जातं. त्या जाळीवर काळी गादी बसली होती, जुन्या घोंगडीसारखी घट्ट. मी तिला स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटलं, पेट्रोलमध्ये बुडवलं. वरचा काळा थर सुटला आणि आत रुई निघाली. पिवळट पडलेली, पण रुईच. सरकीचा एक तुकडासुद्धा अडकलेला होता तिच्यात.

वीस वर्षं मी मनाशी म्हणत आलो होतो की पंप गेला असेल, इंजिन जुनं होतं, एकदम खडखड होऊन बंद पडलंही असेल, बोळ्याचा काय संबंध. त्या दिवशी ती सोय संपली. मी गॅरेजच्या मागे गेलो आणि ती रुई पेटवून दिली. पेट्रोल लागलेली, भक्कन जळली. उरलं ते पायानं मातीत मिसळलं. हे मी तेव्हा, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, शेठ हयात नसताना केलं आहे. माझं कुणी काही वाकडं करणार नव्हतं. मग कशासाठी? मला सांगता येत नाही.

दोन दिवसांनी देवरावभाऊ आले. खोललेलं इंजिन पाहून जरा नाराज झाले, मले बलावलं नाई म्हणाले. मी म्हणालो, भाऊ, पोट्ट्या शेठची घाई आहे. मग मी त्यांना बेअरिंग दाखवली. ऑइल न पोचल्यानं खाल्लेली, खरवडलेली. त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले.

मग म्हणाले, "म्हंजे तेल पोचलंच नाई. म्हंजे दिवा लागलाच असन गड्या. मले दिसला नाई."

मी पाना पुसत होतो.

"त्या दिवशी माय दवाखान्यात होती, यवतमाळले. पाहुण्याईले सोडून तिले पाहून आलतो. येतानी सारं ध्यान तिच्यातच होतं. म्हणूनच हुकला तो दिवा." बेअरिंग खाली ठेवत म्हणाले, "नोकरी गेल्यावर मी तिले बोललो बी तसं. तुह्यापायी गेली म्हणलं. ते लय लागलं तिले. पुढं दोन वर्सं होती, पण मले कधी काही मागितलं नाई तिनं. पाणी बी स्वतः उठून घ्याची."

हे मला माहीत नव्हतं. त्यांची आई मला माहीत होती. मी गेलो की ताक द्यायची. ती गेली तेव्हा मी खांदा दिला होता. पण हे माहीत नव्हतं.

तेव्हा बोलता आलं असतं. गॅरेजात आम्ही दोघंच होतो. रुई जळली असली तरी तोंड होतं ना माझ्याजवळ? एक वाक्य पुरलं असतं — भाऊ, दिवा लागलाच नव्हता, मी वायर काढली होती. मी ते मनात जुळवलंसुद्धा. आणि तोंडातून काय निघालं? जाऊ द्या भाऊ, होते कधी कधी माणसाकडून. मी त्यांना क्षमा केली! ऐकता आहात ना? मी, त्यांना.

त्यांनी मान हलवली. म्हणाले, हो गड्या, होते.

क्रँक अमरावतीहून घासून आणला, नव्या बेअरिंग टाकल्या, आणि जानेवारीत एका सकाळी गाडी सुरू झाली. पहिल्यांदा फटफट, मग पांढरा धूर, मग हळूहळू आवाज एका लयीत आला. रस्त्यावरची माणसं थांबली. धाकट्या शेठनं मोबाइलवर सगळं टिपून घेतलं. आणि मग त्या पोरानं चांगुलपणानंच, कुणी न सांगता, देवरावभाऊंसमोर चावी धरली. म्हणाला, काका, पहिला राउंड तुमचा. बाबा असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं.

देवरावभाऊ उठले. गाडीपर्यंत गेले. चप्पल काढली. ती चप्पल काढलेली पाहून मला वाटलं, बसतील. त्यांनी दारावर हात ठेवला, इंजिनची थरथर हाताला लागू दिली थोडा वेळ. मग चावी परत केली. "माह्या हातानं एकदा गेली बाबू ती. आता नको. तुमी चालवा."

आणि चप्पल घालून परत डब्यावर येऊन बसले. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत पाहत होते. मी त्यांच्या शेजारी उभा होतो, हाताच्या अंतरावर.

संध्याकाळी ते पुन्हा आले. अंगात धुतलेला सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. मी म्हटलं, हे काय भाऊ? तर म्हणाले, "बिघडवली म्या, अन् सुधारली तू. वीस वर्सं जिवाले लागून होतं. आता निवांत झोप लागन मले. घे, तोंड गोड कर."

त्यांनी स्वतःच्या हातानं पेढा माझ्या तोंडापाशी धरला. मी तोंड उघडलं. खाल्ला. अजून एक घे म्हणाले, तोही खाल्ला.